लाल झगेवाली आणि मी

अहो,

भेटायला येणारी माणसं तुमच्याबद्दल काय काय बोलतात ते ऐकायला तुम्ही हवे होतात. "काका म्हणजे देवमाणूस." "काकांनी कधी आवाज चढवला नाही." मी पदर तोंडाला लावून बसते. लोकांना वाटतं, हुंदका आवरतेय. हुंदकाही असतो, नाही असं नाही. पण निम्म्या वेळा हसू असतं. देवमाणूस! गरम पोळी ताटात पडायला जरा उशीर झाला की वाटीवर चमचा वाजवणारा देव मी एकच पाहिला.

सांगायचं म्हणजे, आपलं भांडण अर्धवट राहिलं. बाकीची भांडणं मी सोडून देते. टीव्हीचा आवाज, चिखलीच्या जागेतली चिंच पाडायची की ठेवायची, आपल्या मुलाचं, मनोजचं नाक कुणावर गेलंय, सगळी तुम्ही जिंकलात, जा. पण जर्मनीतल्या त्या हॉलमध्ये तुम्ही मान कुणाकडे बघून हलवलीत, माझ्याकडे की माझ्या मागे बसलेल्या लाल झगेवालीकडे, हे मला कळायला हवं होतं. तुम्ही हसण्यावारी न्यायचात. मीही हसायचे. पण मला खरंच हवं होतं ते उत्तर.

वाचणाऱ्यांना आपला किस्सा माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये मध्ये बोलू नका.

पहिल्यापासून म्हणजे पोह्यांपासून. मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायचे. चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या, दोन वेण्या सोडून एक घालायला लागलेली. मनात पक्कं, की बघायला येणारा आपल्याकडे बघेल, आपण त्याच्याकडे बघू आणि मग काहीतरी होईल. काय होईल ते ठाऊक नव्हतं. वीज चमकेल, निदान घरातला फ्यूज तरी उडेल. प्रत्यक्षात ती बावळट मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली आणि तिनं मान जी खाली घातली, ती पाहुणे जाईपर्यंत वर केली नाही. तिनं पाहिलं काय, तर तुमच्या पायांचे अंगठे. नखं नीट कापलेली होती. तेवढ्यावर बाईंनी होकार दिला! भाजी घेतानासुद्धा मी त्याहून जास्त चौकशी करते.

आणि तुम्ही? लग्नानंतर कधीतरी धीर करून मी विचारलं, "तुम्ही मला बघितलं होतंत का हो तेव्हा?"

"मी पोहे खात व्हतो," तुम्ही म्हणालात. घरात तुमची चिखलीची भाषा, पुण्याची भाषा फक्त कंपनीच्या गेटच्या आत. "खोबरं चांगलं व्हतं."

पसंती सासूबाईंची. "पोरगी धड हाय, उंचीलाबी बरी हाय, करा," त्या म्हणाल्या आणि झालं. त्या दिवशी मला कुणी निवडलं असेल तर ते तुमच्या आईनं. तुम्ही खोबरं निवडलंत.

मग आपलं चालणं सुरू झालं. तुमच्या घरची रीत, पुरुष पुढे आणि बाई मागे. कासारवाडीला भाड्याच्या खोलीत आलो तेव्हा वाटलं, आता इथे कुणी बघायला नाही, जोडीनं चालू. कसलं काय! स्टेशनवरून घरी येताना तुम्ही पुढे, मागे मी, कडेवर मनोज आणि हातात पिशवी. एकदा माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तुम्हाला ते पार चौकात गेल्यावर कळलं. तुमच्या मानेवरचा तीळ, कॉलरची झिजलेली कड, सगळं मला डोळे मिटून काढता येईल. चेहरा मात्र आठवून काढायला बसले तर खोडरबर लागायचं. आणि मी, चित्रकलेची बाई, शाळेत मुलांना काय शिकवायचे? "आधी नीट बघा, मग काढा."

तुमची एकच नजर मला ओळखता यायची. लग्नात, बारशात, बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला बसलेले. पलीकडून तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि हनुवटी जराशी खाली करायचात. याचा अर्थ, चला, निघू. की मी उठलेच पर्स घेऊन. हातात आइस्क्रीम असलं तरी. बायका म्हणायच्या, "थांब गं, बस जरा." पण ती नजर आली की माझे पाय आपोआप उठायचे. पुढे यातूनच सगळा घोटाळा झाला.

तुम्ही रिटायर झालात आणि संत तुकाराम नगरच्या गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या पार्किंगवर सुपरव्हिजन करायला लागलात. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तुम्ही म्हणालात, "काम नसताना कुठं चालायचं?" तेव्हा मुक्तानं, आपल्या नातीनं, युक्ती केली. ती चाकणच्या जर्मन कंपनीत इंजिनिअर, आणि रविवारी सकाळी पिंपरीत एका रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये टँगो नावाचा नाच शिकायची. "आजोबा, यात उड्याबिड्या काही नाहीत. नुसतं चालायचं. गाण्यावर."

तो पहिला रविवार! शिकवणारा मुलगा आयटीतला, मागे शेंडी बांधलेली. तो म्हणाला, "काका, तुम्ही पुढे चालायचं. काकू, तुम्ही मागे मागे."

"मंग तुमी शिकवताय काय?" तुम्ही म्हणालात. "हे आमी लगीन झाल्यापासून करतोय."

आणि माझ्याकडे पाठ करून निघालात चालायला! अख्खा क्लास हसून लोळायचा बाकी राहिला. तो पोरगा धावत तुमच्या पुढे गेला. "काका, काका, काकूंकडे तोंड करून."

तुम्ही वळलात. मला आठवतं, आपण दोघंही घाबरलो. एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात, काही काम नसताना आपण एकमेकांसमोर कधी उभेच राहिलो नव्हतो. मी सवयीनं मान खाली घातली. तिथे तुमचे अंगठे होतेच, मोज्यातले. "काकू, पायांकडे बघायचं नाही," मुलगा म्हणाला. "मग कुठं बघू?" "काकांकडे." जसं काही ते सोपंच होतं.

त्या नाचाची एक गोष्ट मला तेव्हाच थक्क करून गेली. बाईचं पाऊल मागे गेल्याशिवाय पुरुषाला पुढे पाऊल टाकताच येत नाही. टाकलं तर पायावर पाय. म्हणजे मी कुठे आहे, कुठल्या पायावर आहे, हे तुम्हाला आधी कळायला हवं. चौकात गेल्यावर कळून चालत नाही. पहिले कितीतरी रविवार तुम्ही माझी बोटं चेचलीत. आणि मग एका रविवारी तुम्ही थांबलात. मी अजून पाय उचलला नव्हता म्हणून तुम्ही थांबलात. मी वर बघितलं. तुमच्या कपाळाला घाम आला होता. अहो, तेवढ्यासाठी मी पुढचे सगळे रविवार आले. तुम्हाला सांगितलं मात्र, की गुडघ्याला बरं वाटतंय.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी गाठलंच मला जिन्यात. "काय हो, या वयात मिठ्या मारून नाचता म्हणे?"

"त्या वयात सासूबाई होत्या ना घरात," मी म्हटलं.

मग मुक्ताला कंपनीनं ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं आणि तिनं आपल्याला बोलावून घेतलं. तिच्या गावापासून आगगाडीनं दोन तासांवरच्या शहरात टँगोचा उत्सव होता. तीन दिवस नुसता नाच. देशोदेशीची माणसं येतात, एकमेकांची नावंही न विचारता नाचतात आणि आपापल्या गावाला जातात. "आपण फक्त बघायचं," तुम्ही विमानात बजावलंत. मी बरं म्हटलं. माझ्या पिशवीत नाचाचे बूट होते. तुमच्या पिशवीत तुमचे होते, हे मला तिथे गेल्यावर कळलं. लबाड कुठले.

तो हॉल आठवतो? मला तर डोळे मिटले की दिसतो. दुपारची वेळ, वर उंचच उंच काचा आणि त्यातून तिरपं ऊन खाली उतरलेलं. त्या उन्हात शेकडो माणसं एकाच दिशेनं गोल फिरत होती. मी दारातच थबकले. इतकी माणसं आणि आवाज फक्त वाद्यांचा आणि लाकडावरून सरकणाऱ्या तळव्यांचा. कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. माझ्याहून म्हाताऱ्या बाया होत्या, पाठीत वाकलेल्या. खुर्चीवरून उठताना काठी लागत होती. काठी खुर्चीला टेकवून त्या कुणाच्या तरी मिठीत शिरल्या की अशा चालायच्या, जणू कुणी पाण्यावर होडी ढकललीय. देवळात गेल्यावर जोडावेत तसे माझे हात आपोआप जोडले गेले. मुक्ता म्हणाली, "आज्जी, हात खाली घे, लोक बघतायत."

तुम्ही नाचणाऱ्यांकडे बघतच नव्हतात. तुम्ही छताकडे बघत होतात.

"अगं," तुम्ही माझा दंड धरलात. "ती बघ. ती क्रेनची गर्डर हाय!"

वर खरंच दोन्ही बाजूंना लोखंडी रूळ होते आणि मध्ये भली थोरली आडवी तुळई, पिवळा रंग उडालेली. मुक्तानं सांगितलं, हा पूर्वी कारखाना होता. बंद पडला, मग गावानं नाचाला ठेवला. तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. जन्म कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मशीनांत काढलेला माणूस, कानात कापूस घालून जेवायला बसणारा, मशीनची धडधड इतकी अंगात मुरलेली की सुट्टीच्या दिवशी झोप लागायची नाही. आणि इथे त्याच क्रेनच्या खाली माणसं डोळे मिटून नाचत होती. "शॉपमधी नाचत्यात," तुम्ही पुटपुटलात. पुन्हा पुन्हा तेच. "शॉपमधी नाचत्यात गं." मग जमिनीकडे बघून म्हणालात, "लायनीतच चालत्यात बघ. फोर्कलिफ्टचा रस्ता असल्यावानी." तुमची भीती तिथेच गेली असावी. तुम्ही खाली बसून बूट बदलायला लागलात.

आता तिथला रिवाज. बाईला नाचायला बोलवायचं ते तोंडानं नाही. बायका एका बाजूला, पुरुष समोरच्या बाजूला, अगदी सत्यनारायणाला बसल्यासारखे. पुरुषानं दुरून बाईकडे बघायचं. तिची इच्छा असली तर तिनंही बघत राहायचं. मग त्यानं हळूच मान हलवायची, तिनं हलवायची आणि मग तो हॉल ओलांडून तिच्यासमोर यायचा. नको असेल तर तिनं नजर वळवायची. नकार कुणाला ऐकूही जात नाही. "आणि आज्जी," मुक्तानं सांगितलं, "तो समोर येऊन उभा राहीपर्यंत उठायचं नाही. कारण कधी कधी तो तुझ्या मागच्या बाईकडे बघत असतो." तिनं आपल्याला वेगळंही बसवलं. जोडीनं बसलेल्या बाईला तिथे कुणी बोलवत नाही म्हणाली.

खरं सांगू? मला गंमत वाटत होती. मनात म्हटलं, बघू या, या वयात आपल्याला कुणी निवडतं का. आणि मग त्या सत्तरीला टेकलेल्या बाईनं काय केलं? मान खाली घालून बसली! पोह्यांचा ट्रे तेवढा नव्हता. समोरून एक-दोन म्हातारे बघून गेले असतील नसतील, मला कळायला मार्गच नव्हता. मी आपली येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट बघत होते. मुक्ता कधीच नाचायला गेली होती. गाणी संपत होती, नवी लागत होती. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्याचा मला इतका राग आला की मी मान वर केली.

तर समोर तुम्ही.

हॉलच्या पलीकडे, त्या उन्हाच्या पट्ट्यात, हात मांडीवर ठेवून ताठ बसलेले. तुम्ही बघत होतात. कधीपासून ते तुम्हालाच माहीत. मध्ये जोड्या येत होत्या, तुम्ही झाकले जात होतात, त्या सरकल्या की पुन्हा तुम्ही, तसेच, तिथेच बघत. आणि मग तुमची हनुवटी जराशी खाली गेली.

मी उठले. पर्स उचलली, शाल उचलली, आणि निघाले की हो तुमच्याकडे! मुक्ताचं शिकवणं हवेत विरलं. इतक्या वर्षांची सवय, नजर आली, चला, निघू. मला वाटलं, तुम्ही कंटाळलात. मी नाचणाऱ्यांच्या कडेकडेनं तरातरा आले आणि म्हटलं, "चला. मुक्ताला सांगून येते."

तुम्ही उभे होतात, दोन्ही हात पुढे केलेले. "कुठं चला?"

"घरी. मान हलवलीत ना?"

तुम्ही माझ्या पर्सकडे बघितलंत, शालीकडे बघितलंत. "पर्स ठेव," म्हणालात.

"पासपोर्ट आहेत त्यात. कुठं ठेवू?"

"मंग ऱ्हाऊ दे. ये."

आणि आपण नाचलो. खांद्याला पर्स अडकवून. दर वळणाला ती तुमच्या पाठीत बसत होती आणि तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. त्या नाचाबद्दल काय लिहू? कुणीतरी मोठ्या नदीत सोडलं आणि ती आपल्याला घेऊन चालली. मी मागे मागे जात होते, काहीही न बघता, आणि कुठे धडकेन अशी भीती एकदाही वाटली नाही. तुमचा गाल माझ्या कपाळाला लागला होता. दाढी नीट झाली नव्हती. दोन गाण्यांच्या मध्ये सगळे थांबतात तसे आपणही थांबलो. तुम्ही वर त्या तुळईकडे बघून हळू आवाजात म्हणालात, "हितं कुणीतरी सेकंड शिफ्ट केली आसंल गं. त्याला कुठं ठावं, की..." तेवढ्यात पुढचं गाणं लागलं.

परतीच्या गाडीत मुक्तानं मिठाचा खडा टाकला. "आज्जी, तू उठलीस ना, तेव्हा तुझ्या बरोब्बर मागची ती लाल ड्रेसवाली पण उठत होती. तुला बघून परत बसली बिचारी."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही खिडकीबाहेर.

"कुणाला मान हलवलीत हो?"

"तिला," तुम्ही म्हणालात. "तू पर्स घिऊन आलीस, मंग काय करतो?"

मी बसून राहिले असते तर आपोआप कळलं असतं. तुम्ही जिच्यासमोर येऊन उभे राहिला असतात ती खरी. पण मी पडले नवऱ्याच्या नजरेसरशी उठणारी. रिवाज मोडला आणि उत्तर हातचं घालवलं. तेव्हापासून तुम्हाला हत्यार मिळालं. भाजीत मीठ जास्त झालं की, "लाल झगेवालीच बरी व्हती." चहा जमला की, "तुलाच गं, तुलाच हलवली." एकदा मात्र मी हसत नव्हते. तुम्ही गॅलरीत बसला होतात. मी म्हटलं, "अहो, आयुष्यात एकदाच मला कुणी बघून निवडलं असेल तर ते तेव्हा. नसेल तर नसेल. पण खरं सांगा."

तुम्ही चष्मा काढलात. बराच वेळ पुसलात.

"मरताना सांगीन," म्हणालात. "तवर नांद."

आणि मरताना तुमच्या तोंडात नळी! याला काय म्हणायचं? शब्दाला पक्का माणूस, पण वेळ कशी साधली बघा.

त्या आयसीयूत एका वेळी एकालाच सोडत होते, दुपारी, थोडा वेळ. मनोज भेटून बाहेर आला, मग मी. सिस्टरनं अंगावर हिरवा झगा चढवला, पाठीमागे बंद बांधले आणि दाराशी थांबवलं, तुमच्याजवळ काहीतरी काम चाललं होतं म्हणून. मी तिथेच उभी, खांद्याला पर्स. मध्ये दोन खाटा, नळ्या, टिकटिकणारी यंत्रं, येणारीजाणारी माणसं. त्यांच्यामधून तुम्ही मला सापडलात. तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही बघत होतात. सिस्टर मध्ये आली, सरकली, आणि पुन्हा तुम्ही, तसेच, तिथेच बघत.

मग तुमची हनुवटी जराशी खाली गेली. नळीमुळे फार जाता येत नव्हती, तरी गेली.

सवय वाईट असते हो. मी मागे वळून बघितलं.

मागे भिंत होती. पांढरी, कोरी.

मी तुमच्याकडे बघितलं आणि मान हलवली. तुम्ही डोळे मिटलेत, अगदी त्या म्हाताऱ्या बाया मिठीत शिरताना मिटायच्या तसे. सिस्टर म्हणाली, "या आता आजी, जवळ या." मी आले, तुमचा हात धरला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, किंवा नाही.

या रविवारी मी क्लासला जाणार आहे. मुक्ता आता पुरुषाची पावलं टाकायला शिकलीय, ती नाचेल माझ्याबरोबर. आणि दुसऱ्या कुणी मान हलवली तर मी नजर वळवेनच असं नाही, सांगून ठेवते. तिथला रिवाजच तसा आहे. पण शेवटच्या गाण्याला मी खुर्चीवर येऊन बसेन. पायांकडे बघणार नाही. तुम्ही समोर येऊन उभे राहीपर्यंत या वेळी उठणार नाही. सावकाश या.

पर्स मुक्ताकडे दिलेली असेल.